कोंबडीने चाखलेलं पाणी

थोरल्याला लोक मागून 'भिंग' म्हणत आणि ते त्याला ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं तेही ठाऊक होतं, कारण तो तपास त्याने स्वतःच लावला होता. दुकानदार हसला तर हा आज का हसला, आणि नाही हसला तर आज का नाही हसला. पत्र आलं की मजकुराआधी पाकिटाचा डिंक बघायचा, मध्ये कोणी उघडून परत चिकटवलं तर नाही ना. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं आपण पाहतो. याला सूतही लागत नसे.

पण माणूस वाईट नव्हता, हेही सांगून टाकायला हवं. आठ गायी होत्या आणि त्यांच्यावर तो जीव टाकायचा. गाय व्यायला झाली की याचा मुक्काम गोठ्यात. रात्रभर तिच्या पाठीवर हात फिरवत बसायचा आणि सकाळी बायकोवर खेकसायचा, की चहा गार कसा.

धाकटा भाऊ भिंतीपलीकडे राहायचा. वडील गेल्यावर घराचे दोन भाग झाले तेव्हा विहीर धाकट्याच्या अंगणात गेली. तिथून एक पाइप थोरल्याच्या गोठ्यातल्या हौदात यायचा आणि त्या पाइपाचा व्हॉल्व्ह दोघांच्या कुंपणापाशी होता. धाकट्याचं ज्वारीचं शेतही थोरल्याच्या कुरणाला लागूनच. म्हणजे पाणी त्याच्याकडून येणार आणि वारंही त्याच्याकडूनच. संशयी माणसाला आणखी काय हवं? शिवाय धाकटा हसरा होता, आणि हसऱ्या माणसाबद्दल थोरल्याचं मत फारसं चांगलं नव्हतं.

सुरुवात झाली ती ज्वारीवरून. धाकट्याने ज्वारी कापून महिना झाला होता. पाऊस नव्हता, ऊन मी म्हणत होतं, तरी कापलेल्या बुडख्यांना वीतभर हिरवे फुटवे आले होते. एका सकाळी कुंपण मोडून थोरल्याच्या दोन गायी तिकडे शिरल्या, तांबू आणि चांदणी. अर्ध्या तासात तांबू धापा टाकायला लागली, तोंडाला फेस आला, पाय झाडले आणि संपली. चांदणी गुडघ्यांवर बसली ती उठेना.

जनावरांची डॉक्टरीणबाई आली तेव्हा थोरला चांदणीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बाईंनी तांबूच्या पापणीची आतली बाजू बघितली, रक्ताचा थेंब काढून बघितला. रक्त लालभडक होतं. दातांत अडकलेलं पान ओढून काढलं. मग गाडीतून बाटल्या आणल्या आणि चांदणीच्या मानेच्या शिरेत दोन इंजेक्शनं सावकाश दिली. वीस मिनिटांत चांदणी उठून उभी राहिली. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच डोळ्यांनी तो बाटल्यांवरची अक्षरं वाचायला लागला.

"काय झालं होतं?"

"सायनाइड."

थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. पाल कसली, अख्खी मगरच.

"ज्वारीतलं हो," बाई हात पुसत म्हणाल्या. "कापलेल्या ज्वारीला उन्हात फुटवे आले की त्यांच्यात ते आपोआप तयार होतं. फुटवे कमरेएवढे होईपर्यंत जनावर तिकडे सोडायचं नाही. कुंपण नीट करा."

"आपोआप? सायनाइड?"

"आपोआप."

"मग त्यावरचं औषध तुमच्या गाडीत तयार कसं होतं?"

"सगळ्याचंच असतं. फवारणीचं औषध पोटात गेलं, लाळ गळायला लागली, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली, तर त्याचं वेगळं. युरिया खाऊन पोट फुगलं तर त्याला व्हिनेगर पाजते, तेही आहे गाडीत."

"पण आज नेमकं हेच हाताशी होतं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "कारण आज नेमकं हेच झालं होतं."

इथवर थोरल्याने कदाचित ऐकूनही घेतलं असतं. पण जाताना बाई हात धुवायला विहिरीवर गेल्या, आणि धाकट्याच्या बायकोने त्यांना चहा दिला, आणि बाईंनी तो प्यायला. थोरल्याने खिडकीतून बघितलं. बाई काहीतरी बोलल्या, धाकटा हसला. झालं! सगळा उलगडा झाला. शेत कोणाचं? धाकट्याचं. विष कुठे निघालं? धाकट्याच्या शेतात. चहा कोणी पाजला? आता यात समजायचं काय राहिलं होतं?

त्याच दुपारी त्याने हौदाकडे येणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि हौदातलं पाणीही उपसून टाकलं.

"अहो, मग गायींनी प्यायचं काय?" बायकोने विचारलं.

"पाणी. पण तपासलेलं."

तपासायची त्याची पद्धत अशी. तो सायकलला दोन कॅन लावून वस्तीच्या दुसऱ्या टोकाच्या सार्वजनिक नळावर जायचा. परत आल्यावर कॅनमधलं थोडं पाणी वाटीत ओतून कोंबडीपुढे ठेवायचा. ती कोंबडी जुनी, अर्ध्या शेपटीची, आणि पाण्याची चव घेणं हे आता तिचं काम ठरलं होतं. ती पाणी प्यायली की घड्याळ लावायचं. चार तास जिवंत राहिली तर पाणी पास, मग ते गायींना. कॅन पुन्हा भरून आणले तर पुन्हा परीक्षा, पुन्हा चार तास.

"आणि कोंबडीला तहानच नसली तर?"

"तर थांबायचं."

"गायींनी?"

"सगळ्यांनी."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण फुंकायलाही काही सुमार असतो. उन्हाचे दिवस, एकेका गायीला दिवसाला पाच-सहा बादल्या लागायच्या, तिथे आता जेमतेम एक मिळायला लागली. शिवाय विकतच्या खाद्याच्या पोत्यावरही त्याचा विश्वास उडाला, म्हणून तो घरीच भरडा दळू लागला. भरड्यात दोन्ही वेळेला ओंजळ-ओंजळ मीठ. वडील म्हणायचे, मिठाने विष मरतं. वडील अजून बरंच काही म्हणायचे, त्यातलं 'भावाला सांभाळ' एवढं मात्र त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. गायी तो खारट भरडा गव्हाण चाटूनपुसून खायच्या आणि थोरला समाधानाने म्हणायचा, बघ, अंगाला लागतंय.

तिसऱ्या दिवशी दूध निम्म्यावर आलं.

"विष भिनतंय," थोरला म्हणाला.

"अहो, कोरड्या पडल्यात त्या," बायको म्हणाली. "शेण बघा, नुसत्या गोट्या पडतायत."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"गायींनी."

पण त्याला तेही पटलं नाही. ही आणि पलीकडची जाऊ, दोघींचं गुळपीठ त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या दिवसापासून त्याने मिठाचं पोतं स्वतःच्या खाटेखाली ठेवलं.

पाचव्या दिवशी सकाळी तो गोठ्यात गेला तर दोन गायी भिंतीला कपाळ टेकून उभ्या. ढकललं तरी हलेनात. तिसरी मागे-मागे चालत दावणीवर आदळली. डोळ्यांपुढे हात फिरवला तर पापणी लवत नव्हती. गायींचे दात कराकरा वाजत होते. त्याची पाचावर धारण बसली. पाणी तपासलेलं, भरडा घरचा, मीठ खाटेखाली. मग विष येतंय कुठून? त्याने एक सबंध पानभर तक्रार लिहिली, खाली सही ठोकली आणि तडक पोलीस चौकी गाठली.

चौकीतल्या हवालदाराने कागद दोनदा वाचला.

"भावाचं नाव घालताय, विचार केलाय ना?"

"पाच दिवस विचारच करतोय."

"मग असं करा, डॉक्टरचा दाखला आणा. कोणीतरी विष घातलं, एवढं त्यात असलं की उद्या सकाळी येऊन भावाला घेऊन जातो."

म्हणजे आता सगळं त्या दाखल्यावर होतं. थोरल्याने चौकीतूनच डॉक्टरीणबाईंना फोन करून ताबडतोब बोलावलं आणि सायकल दामटत घरी आला. ऊन डोक्यावर होतं. दारातून आत शिरला, आणि बघतो तर काय, धाकटा कुंपणापाशी वाकलेला, हात व्हॉल्व्हवर. हौद भरून वाहत होता आणि सातही गायी त्यात तोंडं खुपसून घटाघटा पीत होत्या.

थोरल्याने सायकल तशीच टाकली, कुंपण ओलांडलं आणि भावाची कॉलर धरली.

"सापडलास!"

"दादा, अरे हंबरत होत्या रे," धाकटा म्हणाला. "दोन दिवस ऐकतोय. मला राहवेना."

"राहवेना म्हणून विष सोडलंस?"

"पाणी सोडलं!"

आरडाओरडा ऐकून आजूबाजूची माणसं जमली. थोरल्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की याने तांबूला मारलं आणि आता सगळा गोठा मारायला निघालाय, म्हणून चौकीतही याचंच नाव देऊन आलोय. धाकट्याची बायको रडायला लागली. धाकटा पहिल्यांदाच हसत नव्हता. आणि तेवढ्यात चांदणी, सायनाइडातून उठलेली चांदणी, हौदापासून दोन पावलं मागे सरली, थरथरली आणि आडवी पडली. चारही पाय हवेत मारू लागली.

खोल गेलेल्या डोळ्यांच्या गायी अशा पाण्यावर तुटून पडलेल्या बघून डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या त्या ओरडतच. "पाणी बंद करा! आधी ते पाणी बंद करा! कोणी सोडलं हे?"

"मी," धाकटा म्हणाला.

"ऐकलंत?" थोरला जमलेल्यांकडे वळला. "स्वतःच्या तोंडाने सांगतोय."

बाईंना ऐकायला वेळ नव्हता. त्यांनी थोरल्याच्या बायकोला हाताशी घेऊन उरलेल्या सहा गायी हौदापासून ओढून काढल्या आणि सावलीत बांधल्या. चांदणीला झटके थांबायचं इंजेक्शन दिलं, पण ती थांबली ती कायमचीच. थोरला तिच्याजवळ बसला आणि मोठ्याने रडला. लोकांना वाटलं, आता हा भावाचा जीव घेणार. पण त्याने घेतला नाही. त्याला दाखला हवा होता.

बाईंनी चांदणीच्या डोळ्यातलं पाणी सुईने काढलं, बाकीच्यांचं रक्त घेतलं आणि बाटल्या देऊन ड्रायव्हरला शहरातल्या प्रयोगशाळेत पिटाळलं. मग एकेक गाय तपासायला लागल्या. बाहुल्या मोठ्या, लाळ नाही.

"फवारणीचं औषध नाही हे. जुनी बॅटरी, रंगाचे डबे, असलं काही चाटतात का? शिशानेही अशाच आंधळ्या होतात."

"माझ्या गोठ्यात कचरा नसतो."

"ते दिसतंय." त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. त्यांनी गव्हाणीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग पुढच्या गव्हाणीवरूनही तसंच करून बघितलं.

"दिवसाला पाणी किती देता?"

थोरल्याने सगळी पद्धत समजावून सांगितली. सायकल, कॅन, वाटी, कोंबडी, घड्याळ. सांगताना त्याला जरा अभिमानच वाटला. मिठाचंही सांगितलं, तेही वडिलांच्या नावासकट. बाई ऐकत राहिल्या. कोंबडी गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकत होती.

दुपार कलली तेव्हा प्रयोगशाळेचा फोन आला. बाईंनी थोरल्याला गोठ्याच्या मागे नेलं. धाकटा तेव्हा विहिरीच्या कठड्यावर डोकं धरून बसला होता, लोक पांगले होते.

"विष सापडलं," त्या म्हणाल्या.

"मला माहीतच होतं. लिहून द्या."

"मीठ आहे ते."

थोरल्याने त्यांच्यापुढे धरलेलं पेन खाली घेतलं.

"मीठ पोटात चाललंय आणि वर पाणी नाही, की ते रक्तात साठतं, मग मेंदूत. म्हणून गाय आंधळी होते, भिंतीला डोकं लावते. तांबू गेली ती ज्वारीने, ते मी तेव्हाच सांगितलं होतं. ही गेली ती तुमच्या मिठाने आणि तुमच्या कोंबडीने."

"पण पाणी पिऊन पडली ना ती! सगळ्यांनी बघितलं. पाणी त्याने सोडलं!" बुडणाऱ्याला काडीचा आधार, तसं त्याने ते वाक्य पकडलं.

"खरंय. इतक्या तहानेवर एकदम पोटभर पाणी मिळालं की मेंदूला सूज येते. म्हणून मी ओरडले. पण नसतं सोडलं तर एक-दोन दिवसांत सातही गेल्या असत्या. तुमचा भाऊ तहानलेल्या गाईला पाणी पाजायला गेला. याला मी विष म्हणून लिहू?"

ते त्या लिहिणार नव्हत्याच. कागद सकाळी देते म्हणाल्या, आणि कागदात मीठ असेल. मग त्यांनी उपाय सांगितला: प्रत्येक गायीला दर तासाला दोन लिटर, घोटभरही जास्त नाही, दोन दिवस, रात्रंदिवस. खाद्य बिनमिठाचं. "एकट्याने व्हायचं नाही हे. आणि पाणी विहिरीचंच द्या, ताजं. कोंबडीला विचारत बसू नका."

बाई गेल्या. थोरला गोठ्यामागे उभा राहिला. चौकीत आता काही होणार नव्हतं, ते त्याला कळलं. पण दुसरंही एक कळलं. धाकट्याने फक्त ते ओरडणं ऐकलं होतं: पाणी बंद करा, कोणी सोडलं हे? पुढचं काही त्याने ऐकलं नव्हतं. तो कठड्यावर बसून स्वतःला गाय मारणारा समजत होता. थोरल्याने नुसतं गप्प राहायचं होतं. दाखला तो बाईंकडून गुपचूप घेणार, घडी करून ठेवणार. धाकटा जन्मभर खाली मान घालून राहिला असता आणि थोरला जन्मभर बरोबर ठरला असता. खोटं कशाला सांगा, थोरल्याला ते क्षणभर फार गोड वाटलं. मग त्याला मिठाचं पोतं आठवलं, खाटेखालचं, आणि चांदणी भरडा कशी चाटायची ते आठवलं. त्याला स्वतःची किळस आली.

तो कुंपणापाशी गेला.

"दादा," धाकट्याने मान वर केली. डोळे सुजले होते. "माझ्यामुळे गेली ना रे ती?"

"नाही. माझ्यामुळे."

धाकट्याने बाहीने डोळे पुसले.

"मीठ जास्त झालं आणि पाणी कमी. मीच दिलं मीठ. मीच तोडलं पाणी. तू सोडलंस म्हणून लवकर गेली एवढंच. नसतं सोडलंस तर सगळ्या जाणार होत्या. चुकलो मी."

आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द त्याच्या तोंडून निघाला होता. बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. आता धाकटा हसेल, गळ्यात पडेल, निदान दोन शिव्या तरी देईल, असं त्याला वाटलं.

धाकटा उठला आणि कठड्याच्या पलीकडे गेला.

"काय हवंय तुला?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"तुला आणि काही नको?"

"खरंच सांगतोय. बाईंनीच सांगितलं मला, आत्ता."

"मला का नाही सांगितलं? गोठ्यामागे नेऊन कशाला सांगितलं?" धाकट्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "सकाळी चौकीत माझं नाव घालून आलास. दुपारी सगळ्यांसमोर कॉलर धरलीस. आणि आता चुकलो म्हणतोस. तू? मी हो म्हणायची वाट बघतोयस ना? म्हणजे मग उद्या हवालदारापुढे म्हणशील, बघा, हाही कबूल झाला, लवकर मारली म्हणून."

"बाईंना विचार! फोन लाव."

"त्यांना काय बोलायचं ते तूच पढवलं असशील."

यावर काय बोलतात? पाच दिवस थोरल्याला जो जो काही सांगायला आला त्याला त्याने हेच ऐकवलं होतं, आणि त्यांतल्या एकालाही यावर उत्तर सापडलं नव्हतं. खरं सांगणाऱ्या माणसाकडे जास्तीचं काही नसतं, एकदा सांगितलं की संपतं. तो पुन्हा तेच म्हणाला, चुकलो रे, आणि दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते त्यालाच खोटं वाटायला लागलं.

गोठ्यातून एक गाय क्षीण आवाजात हंबरली. पहिल्या पाण्याची वेळ झाली होती. "दर तासाला एकीला दोनच लिटर, बाईंनी सांगितलंय," थोरला म्हणाला.

धाकट्याने विहिरीतून बादली ओढली. दोन लिटरचं भांडं आणलं, काठोकाठ भरलं, जास्तीचे थेंब झटकले. गाईंचं त्याला कळत होतं, ते दादाला त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. तो कुंपणापर्यंत आला. थोरल्याने दोन्ही हात पुढे केले.

धाकट्याने ते भांडं त्याच्या हातात दिलं नाही. कुंपणाच्या आपल्या बाजूला जमिनीवर ठेवलं, चार पावलं मागे सरला आणि दादा ते उचलून काय करतो ते बघत उभा राहिला.